नुसत्या कारल्यावर शकुताई

मुलुंड पूर्वेला एक बाग आहे. तिच्यात झाडं थोडी आणि चालणारी माणसं फार. सकाळी ही सगळी मंडळी त्या एवढ्याशा वाटेवरून अशी गोल गोल फिरत असतात की बघणाऱ्याला वाटावं, ह्यांचं काहीतरी हरवलंय आणि ते सापडल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. फिरून दमले की फाटकाबाहेर येतात आणि पैसे मोजून तोंड कडू करून घेतात. लोकांची तोंडं कडू करायचं हे काम शकुताई गावडे कित्येक वर्षं मन लावून करते आहे.

एक घडीचं टेबल, त्यावर हिरवं प्लास्टिक आणि नळ बसवलेले चार स्टीलचे डबे. एकात दुधी, एकात आवळा, एकात गव्हांकुर आणि सगळ्यात मोठ्या डब्यात कारलं. पहिले तीन आपले सोबतीला. लोक यायचे ते कारल्यासाठी, आणि खरं सांगायचं तर शकुताईसाठी. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली, कपाळावर मोठं कुंकू. "घ्या, घ्या, तोंड वाकडं करू नका, तुमची बायको बघतेय," असं म्हणत ती कागदी कप पुढे करायची. कोण नाक दाबून पितो, कोण डोळे मिटून, कोण पिऊन झाल्यावर एक मिनिट कोणाशी बोलत नाही, हे तिला पाठ होतं. नावं विसरायची, पण पितानाचं तोंड नाही.

पहाटे कारल्यांच्या बिया काढायचं काम नवऱ्याकडे होतं. श्यामकांत एका गोदामावर दुपारपाळीला सिक्युरिटीत होता. बिया काढून काढून त्याच्या बोटांत असा कडूपणा मुरला होता की चहात बुडवलेलं बिस्कीटही त्याला कडू लागायचं. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी ह्याची कल्पना द्यायला हवी होती, असं तो अधूनमधून म्हणायचा. मात्र त्याने ते काम कधी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही.

एक गोष्ट फक्त श्यामकांतला ठाऊक होती. शकु स्वतः कारल्याचा थेंबही घेत नसे. "मी कित्याक पिऊ? माका काय झालाहा?" असा तिचा मालवणीतला सवाल.

सकाळी शकु कारल्याची आणि संध्याकाळी फुगडीची. ती आणि नलिनी कुडाळजवळच्या शेजारशेजारच्या गावांतल्या. दोघी एकाच साली लग्न होऊन मुलुंडच्या एकाच चाळीत आल्या, आणि चाळीची इमारत झाल्यावर एकाच मजल्यावर राहिल्या. नलिनी काटकुळी, शकु दणकट. दोघी फुगडीला उभ्या राहिल्या की बघणारे आधी हसायचे आणि मग गप्प व्हायचे, कारण एकदा फिरायला लागल्या की कुठली काटकुळी आणि कुठली दणकट, काही कळायचं नाही. त्यांच्या महिला मंडळाचा गट दर वर्षी गणपतीच्या आधीच्या रविवारी भांडुपला कोकणातल्या बायकांच्या फुगडी स्पर्धेला जायचा, तो ह्या जोडीच्या जिवावर.

नलिनीची एक सवय होती. शकुचे हात हातात घेतले की ती लगेच फिरायची नाही. क्षणभर थांबायची. "हात बसाक व्हयेत," म्हणायची. पकड जमली, दोघींचा तोल एकमेकींना कळला, की "बसले" म्हणायची आणि पाऊल उचलायची. फुगडीत माणूस स्वतःच्या पायावर उभं नसतं, समोरचीच्या हातावर असतं. हे दोघींना कोणी शिकवलं नव्हतं, आपटून आपटून कळलं होतं.

तर, मागच्या दिवाळीनंतर शकु बारीक व्हायला लागली.

बागेत आनंदीआनंद झाला. "शकुताई, काय ओ, अर्ध्या झालात," असं म्हणून लोक तिच्याकडे कौतुकाने आणि स्वतःच्या पोटाकडे दुःखाने बघू लागले. हास्य क्लबचे पुढारी भाऊराव तर तिला टेबलामागून बाहेर बोलावून नवीन माणसांना दाखवायचे. "हा जिवंत पुरावा. ह्याला म्हणतात कारलं." भाऊराव म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, पांढरे बूट, खणखणीत आवाज. ते कप एका घोटात रिकामा करायचे, डोळ्यांत पाणी आलेलं असतानाच "झकास" म्हणायचे आणि आपल्या सगळ्या गोळ्या ह्या रसाने कशा सुटल्या ते सांगायचे. त्यांचं ऐकून बाकीचेही सांगायचे. शकुचा खप वाढला आणि शकु हरभऱ्याच्या झाडावर चढली. ती रस पीतच नाही, हे सांगायला कोणाला फुरसत होती?

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. थंडीच्या दिवसांत ती पंख्याखाली बसायची. छाती धडधडायची, झोप लागायची नाही, दुप्पट जेवूनही ब्लाउज ढगळ व्हायचे, आणि कप भरताना हात असा थरथरायचा की रस बोटांवरून ओघळायचा. शेवटी श्यामकांत तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी नको तितकं काम करतेय, असं निघालं. "घोड्यासारखी धावतेय. तिला आवरायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गोळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी शकुने हे हळूच भाऊरावांच्या कानावर घातलं. भाऊराव हसले. "अहो, मलाही हेच होतं. हाच थायरॉइड, हीच धडधड. गोळ्या सोडल्या आणि तुमच्या रसावर आलो. आज बघा." आणि त्यांनी तिथल्या तिथे उडी मारून दाखवली.

शकुला पटलं, कारण ते तिच्या लहानपणीच्या आठवणीशी जुळत होतं. गावातले वैद्यबुवा अंगात कडकी धरली की कारल्याच्या पाल्याचा रस द्यायचे. कडू पोटात गेलं की उष्णता उतरते, असं त्यांचं म्हणणं. मग हा आजार म्हणजे उष्णताच की. घाम, धडधड, तळपायांची आग. तिने त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या डब्याचा नळ स्वतःसाठी सोडला आणि कप तोंडाला लावला. आपल्या गिऱ्हाइकांबद्दल तिला त्या दिवशी खरा आदर वाटला.

काही महिने ती गोळीही घ्यायची आणि रसही. हळूहळू अंग भरलं, हात स्थिर झाले, झोप यायला लागली. आता गुण कोणाचा? गोळी एवढीशी पांढरी, गिळली की संपली, तिने कधी त्रास दिला नाही. रसाने रोज रडवलं. आपण ज्यासाठी सोसलं त्याचाच गुण आला असणार, असं माणसाला वाटतंच. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला शकुने कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या आणि रस दुप्पट केला.

श्रावण लागला तशी मंडळाची फुगडीची तालीम सुरू झाली. सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावून बायका जोड्या करून उभ्या राहिल्या. नलिनीने शकुचे हात धरले. नेहमीसारखी थांबली. आणि थांबूनच राहिली. बाजूच्या जोड्या फिरून थकल्या तरी ही आपली उभीच.

"शकु, तुझ्या हाताक घाम कित्याक?"

"उकडतंय ना गं."

"माका नाय उकडत. आणि थरथरतत कित्याक? दिवाळीनंतर असेच थरथरी होते."

"काहीतरीच तुझं."

"गोळयो घेतंस मा?"

"घेते ना. रोज घेते. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर घ्यायला नको?"

खोटं बोलायचं झालं की शकु मालवणी सोडून मुंबईचं मराठी बोलते, हे नलिनीला चाळीत आल्यापासून माहीत होतं. तिने हात सोडून दिले. फुगडी सुरू व्हायच्या आधी नलिनीने हात सोडले, असं आजवर कधी झालं नव्हतं.

"सोडलंस तू गोळयो."

मग शकु त्याच मुंबईच्या मराठीत भडकली. "हो, सोडल्या. मग? अख्खी बाग रसावर बरी झालीय. भाऊराव बघ, तो चंद्रप्रकाश शेठ बघ, ती तेजल बघ. कोण गोळी घेतंय तिकडे? रस विकणारीनेच गोळ्या खायच्या होय? लोक काय म्हणतील?"

"लोकांचा माका माहीत नाय," नलिनी शांतपणे म्हणाली. "फुगडीत एकीचो हात सुटलो तर दोघीय आपटतत. मी तुझ्यावांगडा फिरूचंय नाय."

आणि ती चपला घालून निघून गेली. बाकीच्या बायका झिम्मा खेळायला लागल्या, कारण अशा वेळी काय करायचं ते कोणालाच सुचत नाही.

शकुला ते फार लागलं. लिफ्ट बंद होती म्हणून ती जिना चढायला लागली आणि दुसऱ्या मजल्यावर छाती इतकी धडधडली की ती पायरीवर बसली. मनगटावर बोटं ठेवली तर नाडी मोजताच येईना. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण अख्खी बाग रसावर बरी होते आणि आपण होत नाही, म्हणजे आपल्याच रसात काहीतरी कमी पडतंय, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे श्यामकांतला जास्त कारल्यांच्या बिया काढायला बसवलं. त्याने तिच्या हाताकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली. पाच मिनिटांनी तो नलिनीचं दार वाजवत होता.

म्हणून त्या सकाळी मॅक्सीवर ओढणी घेऊन नलिनी बागेच्या फाटकाशी हजर झाली. ती तिथे कधी येत नसे. चालायला पैसे पडत नाहीत म्हणून कोणी इतकं चालावं, हे तिला मंजूर नव्हतं.

भाऊराव नुकतेच कप हातात घेऊन उभे होते. भोवती नेहमीचं कोंडाळं.

"भाऊराव म्हणजे तुम्हीच ना?" नलिनीने विचारलं. "थायरॉइडच्या गोळ्या सोडल्या ते?"

"मीच," भाऊराव खुश झाले. "अहो वहिनी, कडू रस म्हणजे औषधांचा राजा. एकदा का ह्याच्यावर आलात की..."

"ह्या शकुनं पण सोडल्या. तुमचं ऐकून."

"हो?" भाऊरावांचा आवाज एकदम खाली आला.

"तिचा हात बघा."

शकु त्याच वेळी कप भरत होती. रस काठावरून हिंदकळून हिरव्या प्लास्टिकवर सांडला. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर दोन्ही हात थरथरायला लागले. भाऊरावांनी आपला कप खाली ठेवला. तो भरलेलाच होता.

"शकुताई, सोडल्या म्हणजे... पूर्ण सोडल्या?"

"तुमच्यासारख्याच."

"अहो, असं करू नका. ती गोळी अशी मनाने सोडायची नसते. हृदयावर येतं ते."

"मग तुम्ही कशी सोडलीत?"

भाऊरावांनी आजूबाजूला पाहिलं. मग एखाद्याने चोरलेली वस्तू परत करावी तसा ट्रॅक पँटच्या खिशात हात घातला आणि एक लांबट डबी टेबलावर ठेवली. सोमवार ते रविवार असे कप्पे केलेली, प्रत्येक कप्प्यात गोळ्या. "सून भरून देते," ते म्हणाले. "एकदा हास्य क्लबात बोलण्याच्या भरात म्हणालो, सोडल्या गोळ्या. इतक्या टाळ्या पडल्या की मग परत घेता येईना."

कोंडाळं डबीभोवती वाकलं. आणि मग कपड्यांच्या दुकानवाले चंद्रप्रकाश शेठ खो खो हसायला लागले. "अरे भाऊराव, आपने तो हद कर दी. हम तो आपका सुनके बोलते थे." त्यांनी शर्टाच्या खिशातून मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी काढून डबीशेजारी ठेवली. तेजलने कानांतले हेडफोन काढले आणि कमरेच्या पाउचची चेन उघडली. "माझी पण थायरॉइडची. माझा उलटा आहे, आळशी. सॉरी ना ताई, सगळे सोडल्या म्हणायचे, तर मी एकटीच काय सांगू?" मग एक आजोबा प्रेशरची पट्टी घेऊन पुढे आले. मग त्यांच्या पत्नी, ज्यांना आपल्या नवऱ्याच्या खिशात ती पट्टी आहे हेच माहीत नव्हतं आणि ज्यांच्या पर्समध्ये तशीच दुसरी होती. बघता बघता शकुच्या टेबलावर औषधांचं दुकान लागलं.

शकु एकेका डबीकडे बघत होती. आधी तिला असा राग आला की कारल्याचा अख्खा डबा भाऊरावांच्या पांढऱ्या बुटांवर उपडा करावा. ह्यांच्या थापांवर आपण जीव पणाला लावून बसलो होतो. मग तिची नजर आजी-आजोबांवर गेली. ते दोघं एकमेकांच्या पट्ट्या वाचून बघत होते.

"म्हणजे ह्या अख्ख्या बागेत," शकु म्हणाली, "नुसत्या कारल्यावर मी एकटीच?"

आणि तिला हसू फुटलं. ती टेबल धरून हसली, डोळे पुसत हसली. हास्य क्लबात वर्षानुवर्षं हात वर करून खोटं हसणारी माणसं त्या दिवशी फाटकाबाहेर खरी हसली. नलिनीसुद्धा ओढणी तोंडाला लावून हसत होती.

"पण मग तुम्ही पिता कशाला हे?" हसू ओसरल्यावर शकुने विचारलं. "इतकं कडू?"

भाऊराव खाली बघून म्हणाले, "सकाळी तुमच्यापाशी येऊन उभं राहायचं तर काहीतरी घ्यायला नको? घरी आम्हाला कोण ओरडतं एवढ्या प्रेमाने?"

शकुने त्यांचा भरलेला कप उचलून त्यांच्या हातात दिला.

डॉक्टरीणबाईंकडे तिला नलिनी घेऊन गेली. भाऊरावही रिक्षात पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आले, आणि दवाखान्यात आपणच अपराधी असल्याचं त्यांनी कोणी न विचारता सांगून टाकलं. बाईंनी शकुला झाडलं, भाऊरावांनाही झाडलं. कारल्याचं नाव निघालं तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "भाजी खा, थोडा रस घ्या, माझी ना नाही. पण तुमचा थायरॉइड त्याने आवरेल ह्या भरवशावर राहू नका. आणि गोळी मला विचारल्याशिवाय बंद नाही. रिपोर्ट नीट येईपर्यंत फुगडी बंद."

भांडुपची स्पर्धा आली तेव्हा रिपोर्ट नीट आलेला नव्हता. मंडळाने नलिनीला दुसरी जोडीदारीण दिली, तर तिने पाय दुखतो म्हणून सांगितलं. दोघी पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसल्या आणि समोरच्या प्रत्येक फुगडीला नावं ठेवत राहिल्या. मंडळाला उत्तेजनार्थही मिळालं नाही. शकुला वाईट वाटलं आणि त्याच वेळी पाय न दुखणारी नलिनी शेजारी बसलीय ह्याचं इतकं बरंही वाटलं की तिने तिच्या हातात शेंगदाण्याची पुडी दिली.

बागेत मात्र नवीनच प्रकार सुरू झाला. शकु कप पुढे करायच्या आधी दरडावून विचारायला लागली, "गोळी घेतली?" घेतली असेल तर रस, नसेल तर घरी परत. लोकांना ह्याची इतकी गोडी लागली की ज्यांना कसलाच आजार नव्हता ते उगाच खट्टू व्हायला लागले. खप कमी होईल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. लोक तेच, तोंडं तीच, फक्त थापा गेल्या.

दसऱ्याच्या सकाळी टेबलाला झेंडूचं तोरण होतं. आदल्या दिवशी रिपोर्ट आला होता आणि बाईंनी तो दोनदा वाचून मान डोलावली होती. शकु चौथा का पाचवा कप भरत असताना नलिनी फाटकाशी आली. आज मॅक्सी नव्हती, नऊवारी होती.

"गोळी घेतलंस?"

"घेतलंय गो. उठल्यार पयली तीच घेतलंय."

नलिनीने तिच्याकडे नीट बघितलं. मालवणी होतं, म्हणजे खरं होतं. तिने दोन्ही हात पुढे केले. शकुने नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि टेबलाला वळसा घालून पुढे आली. दोघींना फिरायला जागा व्हावी म्हणून भाऊराव रस्त्यात उभे राहून रिक्षा अडवायला लागले. श्यामकांतने टेबलामागची जागा घेतली आणि आपल्या कडू बोटांनी कप भरू लागला.

नलिनीने शकुचे हात धरले आणि थांबली. हात कोरडे होते, गार होते, हलत नव्हते. ती नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबली.

"बसले," नलिनी म्हणाली आणि तिने पाऊल उचललं.